दोन अमेरिकी कंपन्यांचा सौदा ब्रिटननं मोडला, त्याचं काय?

"दोन अमेरिकी टेक कंपन्या एकत्र येत असतील तर बाकीच्या देशांचे स्पर्धा नियामक नुसते कागद हलवतात. फार तर दंड लावतील, सौदा मोडू शकत नाहीत." अशा अर्थाचा लांबलचक मजकूर बरेच दिवस फिरतोय. मलाही चौघांनी पाठवला, मी सोडून दिला. पण काल भाचीनं कॉलेजच्या प्रकल्पाचा मसुदा वाचायला दिला, तर त्यात तोच परिच्छेद जसाच्या तसा. मग गप्प बसवेना.

आधी मुख्य दावा. चॅटमध्ये आपण टाकतो त्या हलत्या चित्रांचा भलामोठा साठा असलेली गिफी फेसबुकनं मे २०२० मध्ये घेतली. दोन्ही कंपन्या अमेरिकी. 'गिफीचा ब्रिटनमध्ये कारभारच नाही, तुमचा अधिकार कुठून आला?' हा फेसबुकचाच युक्तिवाद होता. म्हणजे मजकुरात जे ठासून सांगितलंय, तेच तिथे मांडून झालंय आणि हरूनही झालंय.

कारण ब्रिटिश कायदा फक्त उलाढाल बघत नाही. एखाद्या सेवेच्या पुरवठ्यात दोघांचा मिळून वाटा २५ टक्क्यांवर जात असेल, तरी तिथल्या सीएमएला, म्हणजे स्पर्धा नियामकाला, चौकशी करता येते. त्यांनी बघितलं ते असं: स्नॅपचॅट, टिकटॉक हे फेसबुकचे स्पर्धक हीच चित्रं गिफीकडून घेतात. उद्या फेसबुकनं नळ बंद केला किंवा चित्रांच्या बदल्यात जास्त डेटा मागितला, तर त्यांनी जायचं कुठे? दुसरा मोठा पर्याय टेनॉर, तो गूगलचा. शिवाय गिफीनं अमेरिकेत जाहिरातींचा स्वतःचा धंदा सुरू केला होता, तो या सौद्यानंतर गुंडाळला गेला.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आदेश निघाला: गिफी विका. कंपनी तिथल्या स्पर्धा अपील लवादाकडे गेली. जून २०२२ मध्ये लवादानं सहापैकी पाच हरकती फेटाळल्या. उरलेली एक कार्यपद्धतीबद्दलची होती, म्हणून फेरविचार झाला, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा तोच आदेश. मे २०२३ मध्ये गिफी शटरस्टॉकला, म्हणजे फोटो-चित्रं विकणाऱ्या कंपनीला, ५ कोटी ३० लाख डॉलरला विकली गेली. घेताना सुमारे ४० कोटी मोजल्याच्या बातम्या होत्या. आणि 'फार तर दंड' म्हणाल, तर तोही झालाच: चौकशी चालू असताना दोन्ही धंदे वेगळे ठेवले आहेत की नाहीत, याची मागितलेली सगळी माहिती दिली नाही म्हणून ५ कोटी ५ लाख पौंड.

"अमेरिका, युरोप हो म्हणाले की विषय संपला." साफ चूक. अमेरिकेची क्वालकॉम आणि नेदरलँड्सची एनएक्सपी या चिप कंपन्यांच्या ४४ अब्ज डॉलरच्या सौद्याला नऊपैकी आठ नियामकांची मंजुरी होती. चीननं नकारसुद्धा दिला नाही, फक्त होकार दिला नाही. जुलै २०१८ मध्ये मुदत संपली आणि क्वालकॉमनं एनएक्सपीला २ अब्ज डॉलर भरून काढता पाय घेतला.

"सेवा फुकट, मग ग्राहकाचं नुकसान कसलं?" गिफीही फुकटच होती. नुकसान जाहिरातींच्या दरात, डेटात आणि पर्याय संपण्यात असतं.

"सौदे अडवले की छोट्या कंपन्या मरतात." यात अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. युरोपीय आयोगाच्या हरकतींनंतर ॲमेझॉननं जानेवारी २०२४ मध्ये घर झाडणारे रोबो बनवणाऱ्या आयरोबोटचा सौदा सोडला, आणि त्याच दिवशी आयरोबोटनं ३१ टक्के कर्मचारी कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्या लोकांना स्पर्धेचे फायदे सांगून काय उपयोग? पण महिनाभर आधीच, ब्रिटन आणि युरोपच्या हरकतींमुळे, ॲडोबीनंही डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या फिग्माचा सौदा सोडला होता. फिग्माला भरपाईपोटी १ अब्ज डॉलर मिळाले आणि जुलै २०२५ मध्ये ती स्वतःच्या बळावर शेअर बाजारात उतरली. एकाच कंपनीकडे बोट दाखवून नियम काढायचा नसतो.

भाचीला सांगितलंय, तो परिच्छेद काढ आणि सीएमएचा गिफीवरचा अहवाल उघड. अधिकार कुठून आला, हे त्यातच लिहिलेलं आहे.