ई. कोलायचं केळं

बॅक्टेरियाला केळ्याचा वास आणायचा, असं आम्ही पाच जणांनी ठरवलं तेव्हा आजीने एकच विचारलं, "मग केळंच का नाही आणत?" याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

कल्पना आमची नव्हतीच. 2006 साली एमआयटीच्या पोरांनी आयजेम नावाच्या स्पर्धेसाठी ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूला वास दिले होते. जीवाणू वाढत असेपर्यंत गंधपुऱ्याचा, म्हणजे आजीच्या गुडघ्याच्या मलमाचा, आणि वाढ थांबली की केळ्याचा. टेक्सासवाल्यांनी जीवाणूंच्या थरावर चक्क फोटो उमटवला होता. टोकियोवाल्यांनी 2010 साली त्यांना चार बाय चारचं सुडोकू सोडवायला बसवलं. आम्हाला नुसतं केळं हवं होतं, तेही इंटर्नलच्या 20 मार्कांपुरतं.

कागदावर सगळं सोपं असतं. यीस्टमधलं एक जनुक प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर, चढवायचं, प्लास्मिड जीवाणूत शिरवायचं आणि वरून आयसोअमाइल अल्कोहोल घालायचं. जीवाणू त्याचं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट करतो, आणि केळ्याचा वास म्हणजे मुख्यतः तेच. 'शिरवायचं' हा प्रकार मात्र अघोरी आहे. आधी अर्धा तास बर्फात, मग 42 अंशांचा 45 सेकंद चटका, लगेच परत बर्फात. एवढ्यानंतर मीही म्हणाले असते, घाला काय घालायचं ते.

पहिल्या खेपेला प्लेट दुधावरच्या सायीसारखी भरून आली. आम्ही सेल्फी काढले. गाइड मॅडमनी शांतपणे विचारलं, "अँपिसिलिन घातलं होतंस ना?" नव्हतं घातलं. हे अँटिबायोटिक प्लास्मिड नसलेल्यांना मारतं; ते नव्हतं म्हणून सगळेच जगले होते, प्लास्मिडवाले आणि बिनप्लास्मिडवालेही. दुसऱ्या खेपेला आइस मशीन बंद पडलं, तेव्हा रसवंतीतून पिशवीभर बर्फ आणला. प्लेट कोरीच राहिली. ट्यूबला मात्र उसाचा वास येत होता.

तिसऱ्या खेपेला कॉलनी, म्हणजे जीवाणूंचे ठिपके, आल्या. फ्लास्क रात्रभर 37 अंशांवर शेकरला लावला आणि सकाळी बूच काढून, नियमाप्रमाणे हाताने वारा घालत, नाकाकडे वास घेतला.

एस.टी. स्टँडची मुतारी.

मग कळलं की ई. कोलाय मुळातच इंडोल नावाचं द्रव्य बनवतो आणि ते घाण मारतं. एमआयटीवाल्यांनी म्हणून इंडोल न बनवणारा वाण घेतला होता. ही ओळ आमच्या प्रिंटआउटमध्येही होती, पण आम्ही वाचताना केळ्यापाशीच थांबलो होतो.

तरी पाचही जण छातीठोकपणे म्हणू लागले, "नाही, मागून केळं येतंय." महिनाभर ज्याची वाट पाहिली ते नाकाला कसंही सापडतं. शेवटी काचसामान धुणाऱ्या मावशींना बोलावलं. विनालेबलचे तीन फ्लास्क ठेवले: एक नुसतं माध्यम (जीवाणूंचं खाद्य), एक साधा ई. कोलाय, एक आमचा.

मावशींनी पहिला हुंगला. "हे आमटीचं पाणी." दुसरा. "हा संडास." तिसऱ्यापाशी त्या थबकल्या, पदर नाकावरून काढून परत वास घेतला. "हापण संडासच. पण इथं बसून कुणीतरी केळं खाल्लंय."

आम्ही टाळ्या वाजवल्या. रिपोर्टमध्ये लिहिलं: प्रशिक्षित परीक्षक, संख्या 1, निष्कर्ष सकारात्मक. 'प्रशिक्षित' खोटं नाही; मावशी 19 वर्षं आमच्या डिपार्टमेंटचा वास घेताहेत.

संध्याकाळी उरलेलं सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या जंतू मारणाऱ्या प्रेशर कुकरमध्ये, टाकलं. 121 अंशांवर वाफ सुटली आणि कॉरिडॉर भरून गेला. वरच्या मजल्यावरून, सर्दीने नाक चोंदलेले एचओडी सर जिन्यात येऊन उभे राहिले. "काय रे, कुणाकडे सत्यनारायण आहे का? शिऱ्याचा वास येतोय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मावशींनी पदर पुन्हा नाकाला लावला.

"झाली पूजा, सर," त्या म्हणाल्या. "प्रसाद संपला."