टेबल क्रमांक चार, मानवी हस्तक्षेप

काल दुपारी समुपदेशन कक्षातून फोन आला. बाईंचा आवाज इतका हळुवार की मला वाटलं कुणीतरी गेलं. "मॅडम, बोलायला वेळ आहे ना? घरी सगळं ठीक? झोप लागते का?" मी म्हटलं, लागते की, का बरं? तर म्हणाल्या तुमचा अर्ज आलाय आमच्याकडे, वर शेरा आहे, 'अर्जदाराची मनःस्थिती: संतप्त. तणावाची शक्यता. योग्य आधार द्यावा.'

अर्ज प्रोजेक्टरच्या केबलचा होता.

आता आधाराची गरज केबलला आहे हे मी नाकारत नाही, ती सैल झालीये, सोडली की पडदा निळा, म्हणून एका हाताने केबल दाबून धरायची आणि उरलेल्या हाताने जे काय शिकवायचं ते शिकवायचं. हे मी सभ्य भाषेत कळवलं होतं. 'याबाबत पुन्हा एकदा आपले लक्ष वेधते' एवढं एकच वाक्य जरा ताठ होतं, पण आधीचे अर्ज पचवून ढेकर न देणाऱ्या ऑफिसला याहून गोड मला लिहिता येत नाही, सॉरी.

झालंय असं की विद्यापीठाने या सत्रापासून एआय आणलंय. जबाबदारीने आणलंय, म्हणजे तसं सर्क्युलरमध्ये म्हटलंय, धोरण आहे, समिती आहे, मुखपृष्ठावर माणसाचा हात आणि रोबोटचा हात एकमेकांकडे निघालेत. अर्ज पोर्टलवर टाकायचा, यंत्रणा तो वाचते, दोन ओळींत सारांश काढते, मनःस्थिती ओळखते आणि संबंधित कक्षाकडे पाठवते. ही मनःस्थितीची आयडिया कुणाची ते कुणी सांगत नाही. पॅकेजमध्ये फुकट होती म्हणे.

रागाच्या भरात मी रात्री कायदे वाचत बसले. युरोपियन युनियनच्या एआय कायद्यानुसार २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना ताडणाऱ्या यंत्रणांवर बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडली तर. वाचून इतकी खूश झाले की प्रिंट काढायला उठले. मग पुढची बारीक अक्षरं वाचली. बंदी चेहरा, आवाज अशा शरीराच्या खुणांवरून भावना ओळखण्यावर आहे, लिहिलेला मजकूर त्यात येतच नाही. म्हणजे मी तिथे जाऊन तोंडी भांडले असते तर कायदा माझ्या बाजूने, आणि शिस्तीत लेखी अर्ज केला तर नाही. घ्या.

तर सकाळी मी गेले टेबल क्रमांक चारवर.

धोरणात एक कलम आहे, यंत्रणेचा प्रत्येक निर्णय माणसाने तपासल्याशिवाय अंमलात येणार नाही. उत्तम कलम आहे, जगात सगळीकडे हेच सांगतात. पण तो माणूस कोण हे ठरवायची वेळ आली तेव्हा प्राध्यापकांना वेळ नव्हता, अधिकाऱ्यांना मीटिंग होत्या, आणि मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत आवक-जावकच्या भाऊसाहेबांवर येऊन थांबल्या. त्यांच्या टेबलावर आता नवी पाटी आहे, 'मानवी हस्तक्षेप'. पाटीमागे भाऊसाहेब, समोर स्क्रीन, स्क्रीनवर दोन बटणं. 'सहमत' मोठं आणि हिरवं. 'असहमत' राखाडी, शोधावं लागतं.

"भाऊसाहेब, माझा अर्ज तुम्ही तपासला होता?"

"तपासला की मॅडम. प्रत्येक अर्ज तपासतो, धोरणातच आहे तसं."

"वाचला होता?"

"तपासला," ते म्हणाले, आणि हिरवं बटण दाबलं.

"त्यात केबल लिहिलंय हो. समुपदेशनवाले काय केबल बसवणार आहेत?"

"सारांशात केबल नव्हतं." टक. "सारांशात होतं, अर्जदार अध्यापनातल्या अडचणींमुळे व्यथित आहेत." टक. "मला वाटलं, असतील. हल्ली बरेच जण असतात."

"आत्ता माझ्याशी बोलता बोलता काय मंजूर केलंत?"

त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "नामंजूर होतं बहुतेक. शिष्यवृत्तीचं."

"आणि त्यावर तुम्ही सहमत?"

"मॅडम, हा कोपऱ्यातला आकडा बघा. एका अर्जाला सरासरी किती वेळ लागला ते येतं इथे. लाल झाला की वरून फोन."

"मग असहमत दाबून तर बघा एकदा."

मी भर परीक्षेत कॉपी मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते दाबत नाही कुणी. फॉर्म उघडतो."

"कसला?"

"असहमत का, पुरावा काय, त्याला आधार कुठला नियम, मग विभागप्रमुखांची शिफारस, अपलोड, पीडीएफच लागते. सहमतला काय, एक टिचकी. आणि महिन्याला जास्त असहमत झाले की प्रशिक्षणाला पाठवतात, यंत्रणेवर विश्वास कसा ठेवावा. आमच्या परीक्षा विभागातले एक जण जाऊन आलेत. आता बरे आहेत."

मला खरंच राग आला होता, पण 'आता बरे आहेत' ऐकून हसू फुटलं, आणि मग हसल्याचा राग आला. "भाऊसाहेब, मग तुम्ही इथे आहात कशाला?"

ते जराही दुखावले नाहीत. चष्मा पुसून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "जबाबदारीला. उद्या काही झालं तर सही कुणाची असणार? माझी."

यावर काय बोलणार. मशीनचा पगार नाही, पेन्शन नाही, तिला कारणे दाखवा नोटीस देता येत नाही, म्हणून एक माणूस शेजारी बसवलाय ज्याला ती देता येईल. सगळ्या धोरणाचा हा इतका नेमका सारांश यंत्रणेलासुद्धा काढता आला नसता.

मग मीच लेक्चर सुरू केलं, सवय जात नाही. म्हटलं, इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडमुळे ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या, परीक्षा रद्द झाल्या, ग्रेड ठरवायला गणिती सूत्र लावलं. शाळेचे आधीच्या वर्षांचे निकाल बघून सूत्राने जवळजवळ ४० टक्के ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली ओढल्या. छोट्या वर्गांत मात्र शिक्षकांचा अंदाजच जास्त धरला, आणि छोटे वर्ग असतात खाजगी शाळांत, त्यामुळे फायदा कुणाचा ते बघा. १३ ऑगस्टला निकाल लागला, १७ ला सूत्र मागे घ्यावं लागलं.

भाऊसाहेबांनी बटण दाबायचं थांबवून ऐकलं. कोपऱ्यातला आकडा लाल व्हायला लागला तरी ऐकलं, हे मी त्यांचं विसरणार नाही. मग म्हणाले, "पण मॅडम, तिथे मुलं रस्त्यावर आली. तुमच्या केबलसाठी कोण येणार?"

शेजारच्या बाकावर एक मुलगा बसला होता, त्याला मजा येत होती. तो याच टेबलाचा गिऱ्हाईक, त्याचा निबंध 'एआयने लिहिलेला' ठरला होता. स्वतः लिहिलाय म्हणाला, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर तर अजिबात ठेवता येत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखयंत्र काढलं होतं, ते एआयचा २६ टक्केच मजकूर पकडायचं आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९ टक्के उगाच पकडायचं, त्याच वर्षी जुलैत गुपचूप बंद केलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशोब मांडला होता, वर्षाला ७५,००० पेपर तपासायचे आणि चुकून पकडण्याचं प्रमाण फक्त एक टक्का धरलं तरी ७५० पेपरांवर खोटा आळ. त्यांनी एआय ओळखायचं ते फीचरच बंद केलं. आमच्याकडे हिशोबाला वेळ नव्हता, खरेदी झाली होती.

"तू काय करणार आता?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम. आता दर परिच्छेदात दोन चुका मुद्दाम ठेवतो. ऱ्हस्व-दीर्घ बिघडवलं की मशीनला पटतं माणूस आहे म्हणून." आणि वर मला सल्ला. "तुम्हीपण पुढचा अर्ज एआयकडूनच लिहून घ्या. तो 'आपण कुशल असाल अशी आशा आहे' वगैरे घालतो. मनःस्थिती एकदम प्रसन्न येते."

मी हसले नाही. त्या पोराला मी प्रथम वर्षाला शुद्धलेखन शिकवलंय.

बरं, मी काही एआयच्या नावाने बोटं मोडणाऱ्यातली नाही. माझ्या वर्गात ऐकायला कमी येणारी एक मुलगी आहे, व्याख्यानाच्या कॅप्शन्स मशीन टाकतं, चुकतं अधूनमधून, आम्ही दुरुस्त करतो, ती पहिल्यांदाच मागच्या बाकावर बसायला लागलीये. तिथे काय चुकलं ते लगेच दिसतं, दुरुस्त करणाऱ्याला कुणी लाल आकडा दाखवत नाही, आणि चुकलं तर कुणाचं वर्ष वाया जात नाही. असं असेल तर आणा ना, शंभर आणा. पण प्रवेश, निकाल, शिष्यवृत्ती, जिथे एका टिचकीत माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे होतं, तिथे आधी थोड्याशा कामावर वापरून बघा, ज्यांच्यावर वापरणार त्यांना सांगा तरी, आणि तपासायला बसवलेल्या माणसाला नाही म्हणायचा वेळ द्या, अधिकार द्या, नाही म्हटल्यावर त्याची पाठ राखा.

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संगणकशास्त्र विभागाने २०१३ पासून पीएचडीचे अर्ज चाळायला ग्रेड नावाची प्रणाली वापरली. ती शिकली कशावरून, तर प्रवेश समितीच्या जुन्या निर्णयांवरून, म्हणजे समितीच्या आवडीनिवडीच तिने पाठ केल्या. अर्ज शेवटी माणसंच बघायची, नाही असं नाही, पण मशीनने आधीच खाली टाकलेल्या अर्जाकडे माणूस किती वेळ बघणार? अर्ज तपासायचा किमान ७४ टक्के वेळ वाचला असं बनवणाऱ्यांनीच अभिमानाने लिहिलं होतं. २०२० मध्ये ती बंद केली. मला तो वाचलेला वेळ राहून राहून आठवतो. कुठे जातो हो हा वेळ? आमच्याकडे तर डॅशबोर्ड बघण्यात जातो.

हे सगळं मी भाऊसाहेबांना सांगितलं नाही, त्यांचा आकडा आधीच लाल होता. पण बहुधा तोंडावर दिसत असावं, कारण त्यांनी एकदम इकडे तिकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा मॅडम. आज दाबूच."

आणि दाबलं. राखाडी बटण. फॉर्म उघडला, बाकावरचा मुलगा उठून मागे येऊन उभा राहिला. नाव, पद, अर्ज क्रमांक इथपर्यंत ठीक. पुढे 'असहमतीचे कारण' आणि ड्रॉपडाउन. त्यात तीनच पर्याय. 'अर्जदाराची चूक.' 'अपुरी माहिती.' 'इतर (समितीच्या पूर्वपरवानगीने).'

"यंत्रणेची चूक कुठाय?" मी विचारलं.

भाऊसाहेबांनी खाली स्क्रोल केलं, वर केलं. "नाहीये."

"समिती कधी बसते?"

"सत्राच्या शेवटी. कोरम झाला तर."

आम्ही तिघं त्या तीन ओळींकडे बघत बसलो. अपुरी माहिती निवडली असती तर अर्ज माझ्याकडे परत, पुन्हा भरा, पुन्हा सारांश, पुन्हा मनःस्थिती, आणि या वेळची मनःस्थिती काय आली असती ते सांगायला एआय नको. भाऊसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमची चूक टाकू का? लगेच देखभाल विभागाला जातं."

म्हटलं टाका.

सबमिट झालं. स्क्रीनवर छोटीशी चौकट आली, आपल्या सहकार्याबद्दल आभार, आणि खाली चालू महिन्याचा तक्ता, एकूण अर्ज इतके, अर्जदारांच्या चुका इतक्या, यंत्रणेच्या चुका शून्य. भाऊसाहेब म्हणाले हाच तक्ता वार्षिक अहवालात छापतात, आणि त्यावरूनच पुढच्या वर्षी परीक्षा विभागात हीच यंत्रणा लावायची की नाही ते ठरणार आहे.