दोन इंच माया

लग्न ठरल्यावर मुलीच्या चेहऱ्यावर तेज येतं म्हणतात. माझ्या चेहऱ्यावर ते येईपर्यंत घरच्यांना धीर नव्हता, म्हणून साडीतून आणायचं ठरलं. पावसहून एसटीने रत्नागिरी, तिथून राम आळी. सोबत आई, आत्या आणि काकू. माझी उंची 5 फूट. वजन विचारू नका.

गादीवर टेकताच आत्याने फर्मावलं, "हिला बारीक दाखवणारी साडी काढा." शेजारच्या गादीवरचं गिऱ्हाईक स्वतःची खरेदी सोडून माझ्याकडे बघायला लागलं.

दुकानदार मुरलेला. "बारीक काठ घ्या, ताई उंच दिसतील." काकूच्या मते बारीक काठ म्हणजे बारशाची साडी. मग रुंद काठ आले, तर मी काठातच संपले. शेवटी पैठणी निघाली. "येवल्याची आहे. 2010 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय पैठणीला. उलटून बघा, अस्सल हातमागाची दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते." मी आरशात बघितलं. मीही दोन्ही बाजूंनी सारखीच दिसत होते.

"आणि या काठाला नारळी म्हणतात," तो म्हणाला. आईने किंमत वाचली. "नारळ कशाला विकत घ्यायचे? परसात काय कमी आहेत?"

ट्यूबलाइटखाली राणी, डाळिंबी, आमसुली सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतात. म्हणून प्रत्येक साडी खांद्यावर टाकून मला दाराशी, उजेडात नेण्यात आलं. एप्रिलची दुपार, घामाच्या धारा, आणि आत्या लांबून ओरडतेय, "पोट आत घे!" पायरीवर एक मासळीवाली मावशी रिकामी टोपली घेऊन टेकली होती. चापूनचोपून नऊवारी, केसांत अबोली. लिंबू रंग बघून तिने मान हलवली.

"नको गो बाय. कावीळ झाल्यावानी दिसत्येस."

मोरपंखीला ती काहीच बोलली नाही, नुसती हसली. ते जास्त लागलं. आमसुली आल्यावर मात्र तिने मला नखशिखांत न्याहाळलं. कल्ले उघडून बघायचे तेवढे बाकी ठेवले. "ही घे."

तीन तास एकमेकींचं न ऐकणाऱ्या तिघींनी निमूट आमसुली बांधायला सांगितली. ताजं-शिळं नजरेने ओळखणाऱ्या बाईपुढे बोलणार कोण? पिवळी अष्टपुत्री मामाकडून येणारच आहे, त्यामुळे विधीपुरती कावीळ तशीही अटळ आहे.

तिथून ब्लाउजसाठी शिंपीकाकांकडे. ते माप घेतात आणि आतल्या पोऱ्याला ओरडून लिहून घ्यायला सांगतात. आकडे अख्ख्या आळीने ऐकले.

"लग्न कधी?"

"मे महिन्यात."

"म्हणजे ऐन आंब्यात." त्यांनी टेप गळ्यात टाकली. "आत माया किती ठेवू? एक इंच?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग मनातल्या मनात माडीवरच्या आढीचा हिशेब केला.

"दोन ठेवा," ती म्हणाली.