मावशी, तुम्ही क्लिप होताय!

गाणं लिहायला एक भाषा पुरते. रेकॉर्ड करायला दुसरी लागते आणि विकायला तिसरी. पहिली मला बऱ्यापैकी येते. उरलेल्या दोघींनी मात्र मला असं पिदडलं आहे की हल्ली कुणी 'गाणं कसं चाललंय?' असं विचारलं, तर मी आधी 'कुठल्या अर्थाने?' असं विचारून घेते.

सगळं भाच्यामुळे झालं. तो संगीतकार आहे, शिवाय म्युझिक प्रोड्युसर आहे. सिनेमात प्रोड्युसर पैसे घालतो. संगीतातला प्रोड्युसर गाण्यात कुठे काय वाजेल, किती वाजेल आणि कुठे थांबेल हे ठरवतो. पैसे घालणारा वेगळा शोधावा लागतो. माझी एक कविता त्याने चालीत बसवली आणि म्हणाला, "मावशी, तूच गा. तुझ्या आवाजात एक रॉनेस आहे." याच गुणाला आमच्या घरी इतकी वर्षं वेगळा शब्द होता.

स्टुडिओतल्या काचेच्या खोलीत मला उभं केलं, कानांवर हेडफोन चढवले आणि पलीकडून इंजिनिअरचा आवाज आला, "मावशी, लेव्हल द्या." भाच्याची मावशी ती जगाची मावशी. लेव्हल कशी देतात? "काहीही बोला," तो म्हणाला. एरवी मला 'आता पुरे' म्हणावं लागतं. पण 'काहीही बोला' म्हटल्यावर एक शब्द सुचेल तर शपथ! शेवटी मी कवितेची पहिली ओळ खणखणीत म्हटली. "क्लिप होताय," तो म्हणाला. "गेन कमी करतो. आणि थोडं मागे व्हा, जवळ आलात की बेस वाढतो."

आवाज वाढवायची दोन बटणं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. गेन म्हणजे माइकमधून आत किती घ्यायचं, फेडर म्हणजे बाहेर किती सोडायचं. आत घेतानाच जास्त झालं की आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो, तेच क्लिपिंग. मग फेडर कितीही खाली आणा, कापलेला माथा परत येत नाही.

सगळ्यात थोर वस्तू म्हणजे कॉम्प्रेसर. मोठा आवाज खाली दाबायचा, म्हणजे मग लहान आवाजाला वर यायला वाव मिळतो. इंजिनिअरने मला बाहेर बोलावून दाखवलं. "हा थ्रेशोल्ड, उणे वीसवर ठेवलाय. तुम्ही याच्या खाली असाल तोवर मी काही करत नाही. वर गेलात की दाबतो. रेशो चारास एक." म्हणजे मी चार डेसिबल वर उसळी घेतली, तर बाहेर एकच पोचणार. शिवाय किती लवकर दाबायचं तो अ‍ॅटॅक आणि किती वेळाने सोडायचं तो रिलीज, दोन्ही मिलिसेकंदांत. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे यंत्र समजावून सांगावं लागत नाही. मला प्रश्न पडला तो एवढाच, की आमच्याकडे रिलीजचं बटण कुठे होतं.

मग लेटन्सी. मी गायचे आणि माझाच आवाज हेडफोनमध्ये किंचित मागून यायचा. मी त्याच्यासाठी थांबायचे, तोवर ताल पुढे निघून जायचा. कारण होतं बफर. संगणक आवाजाचे तुकडे साठवून मग हाताळतो. तुकडा 1024 सॅम्पलचा, म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाला घेतलेल्या मापांचा, असेल आणि सेकंदाला 44,100 सॅम्पल घेतले जात असतील, तर एका बफरपायीच 23 मिलिसेकंद जातात, आणि आवाजाला आत येताना एक बफर लागतो, बाहेर पडताना दुसरा. बफर 64 वर आणला की उशीर जवळजवळ जातो, पण संगणकाला धाप लागते आणि आवाजात चटचट सुरू होते. कुणाला धाप लागू द्यायची, यावर त्या दोघांची बराच वेळ चर्चा झाली. निकाल संगणकाच्या बाजूने लागला.

मी गायले ते सगळं त्यांनी चिरलं. याला कॉम्पिंग म्हणतात. अनेक टेक घ्यायचे आणि त्यांतले बरे तुकडे जोडून एक टेक तयार करायचा. पडद्यावर माझा आवाज रंगीत पट्ट्यांमध्ये पसरलेला होता. 'उन्हा' एका पट्टीतून घेतलं, 'मागून' दुसरीतून, आणि 'आले' यातला 'ले' तिसरीतून. ऐकताना कुठेही सांधा कळेना. पण काहीतरी चुकतंय असं वाटत होतं.

"माझा श्वास ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"डिलीट केला, मावशी."

"सगळे?"

"एक ठेवलाय, दुसऱ्या कडव्याआधी. इमोशनल वाटतो."

सुराचा प्रश्न ऑटोट्यूनने सोडवला. हे सॉफ्टवेअर 1997 मध्ये आलं, अँडी हिल्डेब्रँड यांनी केलं. हा गृहस्थ मुळात भूभौतिकीचा. तेलाच्या शोधासाठी जमिनीत लाटा सोडायच्या आणि परत आलेल्या संकेतांवरून खाली काय दडलंय ते ताडायचं, या कामात त्याची बरीच वर्षं गेलेली. तेच गणित त्याने माणसाच्या गळ्याकडे वळवलं. मला हे फार समर्पक वाटतं. माझा पंचम नेमका कुठे आहे हे शोधायला तेल शोधणाराच माणूस हवा होता. यातही 'रीट्यून स्पीड' नावाचं एक बटण आहे. ते शून्यावर नेलं की सूर झटक्यात जागेवर येतो आणि गाणारी बाई यंत्रमानव वाटते. सावकाश ठेवलं की लोकांना वाटतं, बाईने रियाज केलाय. आम्ही सावकाश ठेवलं.

इंजिनिअर लोकांची विशेषणं हा स्वतंत्र विषय आहे. माझा आवाज 300 हर्ट्झच्या आसपास 'मडी' होता, त्यावर थोडा 'बॉक्सी' होता, वर 'एअर' नव्हती, आणि 'स' टोचत होता. तो 'स' मला लागला. कविता माझी, त्यात 'सावळ्या सांजेस' अशी माझी आवडती ओळ, आणि हा सांगतो की तिथे 6 हजार हर्ट्झला काटे उगवलेत. मी वाद घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने डी-एसर लावला. काटे गेले. मग काढला. काटे आले. मग 300 चं थोडं कापलं, आणि आवाजावरची गोधडी कुणी ओढून काढल्यासारखं वाटलं. रिव्हर्बला, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याला, तो 'प्लेट' म्हणाला, तेव्हा मला ती कल्पना वाटली. पण 1957 मध्ये आलेल्या त्या यंत्रात खरोखरच पोलादाचा मोठा पत्रा चौकटीत टांगलेला असे, आवाज त्या पत्र्यातून थरथरत फिरायचा आणि बाहेर येताना घुमारा घेऊन यायचा. आता पत्रा गेला, बटण राहिलं. या लोकांची भाषा कितीही विचित्र वाटली, तरी प्रत्येक शब्दामागे एक बटण आहे. ते फिरवलं की शब्द कानाला कळतो. यापुढे जे आलं त्यात ही सोय नव्हती.

मिक्सिंग झालं. मास्टरिंग झालं, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवून त्याची एकूण पातळी बसवून झाली. भाच्याला गाणं शक्य तेवढं मोठ्याने वाजायला हवं होतं. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी साधारण उणे 14 लफ्सच्या (गाणं कानाला किती मोठं वाटतं, त्याचं हे माप) पातळीला आणून वाजवतात, तुम्ही ओरडलात तर ते तुम्हाला खाली आणतात, असं इंजिनिअरने परोपरीने सांगितलं. तरीही भाच्याने ओरडवलंच.

आणि मग एका कंपनीचा करार आला. त्यात पहिलाच प्रश्न, मास्टर कुणाचा? हा मास्टर वेगळा. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, म्हणजे रचना. तिचा व्यवहार पब्लिशिंगमध्ये मोडतो. आणि त्या रचनेचं हे अमुक एक ध्वनिमुद्रण ही दुसरी, तो मास्टर. उद्या कुणी तेच गाणं नव्याने गायलं, तर रचना आमचीच, मास्टर त्याचा.

माझी एक वकील मैत्रीण आहे. तिने करार वाचला आणि चष्मा काढून ठेवला. हे लक्षण मला ठाऊक आहे.

"यात 'अ‍ॅडव्हान्स' आहे," मी उत्साहाने म्हटलं.

"अगं, तो तुझ्याच रॉयल्टीतून वळता होणार. रिकूप होईपर्यंत तुला दमडी नाही."

"मग होईल की."

"तुझ्या वाट्यातून होणार, एकूण कमाईतून नाही. तुझा वाटा वीस टक्के. त्यांनी तुला शंभर दिले, तर ते फिटेपर्यंत गाण्याने पाचशे कमावलेले असतील. आणि हे बघ, क्रॉस-कोलॅटरल. दुसरं गाणं चाललं, तर पहिल्याची बाकी त्यातून कापणार."

तिने मग मला 'ब्रेकेज' सांगितलं. लाखेच्या तबकड्या वाहतुकीत फुटायच्या, म्हणून कंपन्या कलाकाराच्या रॉयल्टीतून तेवढी वजावट करत. तबकड्या गेल्या, विनाइल आलं, सीडी आली; वजावट मात्र कितीतरी करारांत आपली जागा धरून बसली. तबकडीपेक्षा कलम टिकाऊ निघालं. 'मेकॅनिकल' रॉयल्टीचा, म्हणजे रचनेची प्रत काढली की मिळणाऱ्या पैशांचा, मेकॅनिकशी संबंध नाही, तो स्वयंचलित पियानोशी आहे. त्यात भोकं पाडलेली कागदी गुंडाळी घालत. 1908 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही गुंडाळी म्हणजे गाण्याची प्रत नव्हे, कारण ती माणसाला वाचता येत नाही. संगीतकारांचं नुकसान होतंय हे दिसल्यावर पुढच्याच वर्षी कायदा करून तो हक्क द्यावा लागला. माणसाला वाचता येत नाही ती प्रत नव्हे, हा निकष आमच्या कराराला लावून बघ, असं मी मैत्रिणीला सुचवलं. ती हसली नाही. वकील लोक आपल्या विषयावर हसत नाहीत.

करारानुसार हक्क 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' द्यायचे होते. पृथ्वी मी समजू शकते. पण विश्व? मंगळावर माझं गाणं कोण लावणार? त्यावर तिने ऐकवलं की 1977 मध्ये दोन व्हॉयेजर यानांवरून संगीताच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या खरोखरच अवकाशात गेल्या आहेत, तेव्हा कलम अगदीच पोरकट नाही. मी विश्व देऊन टाकलं. 'कायमस्वरूपी'वर मात्र आम्ही भांडलो आणि ते काही वर्षांवर आणलं.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेला माणूस एकच, एर्नेस्ट बूर्जे. हा पॅरिसचा गीतकार. 1847 मध्ये तो एका कॅफेत बसला होता आणि तिथे त्याचंच गाणं चाललं होतं. बिल आल्यावर त्याने पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही माझं गाणं फुकट वाजवता, मी तुमचं पेय फुकट पितो. प्रकरण कोर्टात गेलं आणि तो जिंकला. त्यातूनच 1851 मध्ये सासेम ही संस्था उभी राहिली. सार्वजनिक ठिकाणी गाणं वाजलं की त्याचे पैसे गोळा करून रचनाकारांना वाटायचे, हे तिचं काम, आणि ते आजही चालू आहे. परफॉर्मन्स रॉयल्टी म्हणतात ती हीच.

यानंतर स्प्लिट शीट. रचनेतला कुणाचा वाटा किती टक्के, ते लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या. शब्द माझे, चाल भाच्याची, म्हणजे निम्मं-निम्मं, असा माझा हिशेब. तर गिटारवाला म्हणाला, सुरुवातीची धून मी बसवली, दहा टक्के द्या. भाच्याच्या एका मित्राने 'तरी' काढून 'जरी' घालायला सांगितलं होतं, त्यालाही काहीतरी हवं होतं. बेरीज 115 वर पोचली, तेव्हा मी 'तरी' परत घातलं. एक माणूस कमी झाला. गिटारवाल्याला दहा द्यावेच लागले, धून खरंच चांगली होती.

मग गाण्याला नंबर मिळाले. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरा-अंकांचा, रचनेला आयएसडब्ल्यूसी हा 'टी'पासून सुरू होणारा. हे मेटाडेटामध्ये अचूक भरायचे, नाहीतर पैसे येतात पण कुणाचे ते कळत नाही आणि अधांतरी लटकून राहतात.

आमचे तसे लटकले नाहीत, कारण आलेच नाहीत. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजला जातो. आमच्या गाण्यात मी 38 व्या सेकंदाला तोंड उघडते. भाच्याला आधी मूड सेट करायचा होता. आमचे समस्त नातेवाईक पंचवीस सेकंद ऐकतात, फोन ठेवतात आणि 'अप्रतिम आवाज!' असं कळवतात. शिवाय 2024 पासून तिथे बारा महिन्यांत निदान 1000 स्ट्रीम झाले, तरच त्या गाण्याची रॉयल्टी सुरू होते. यालाही थ्रेशोल्डच म्हणतात. स्टुडिओत त्याच्या वर गेले म्हणून मला दाबलं. इथे त्याच्या खाली आहे म्हणून मी मोजलीच जात नाही. इंजिनिअरला फोन करून विचारलं, याचा रेशो किती? तो म्हणाला, "मावशी, इथे रेशो नसतो."

आता भाच्याने 'एडिट' काढायचं ठरवलं आहे. इंट्रो उडवायचा आणि मला थेट पाचव्या सेकंदाला आणायचं. त्याला नवा आयएसआरसी लागेल, स्ट्रीम पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील, तेही एक वेळ चालेल. पण गिटारवाला बिथरला आहे. उडणारा इंट्रो म्हणजे त्याची ती धून, आणि ती नसली तरी दहा टक्के कायम राहतील असं आधी लिहून द्या, म्हणतो. मैत्रिणीने पुन्हा चष्मा काढून ठेवला आहे.