बोटातील एड्रेनॅलिन : एका जुन्या भीतीची उलटतपासणी

हाताच्या शस्त्रक्रियेविषयीचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. भुलीच्या औषधात एड्रेनॅलिन मिसळून ते बोटात टोचल्यास बोट काळे पडते, म्हणून पूर्ण भुलीचाच आग्रह धरावा. फक्त हात बधिर करून जागेपणी शस्त्रक्रिया करणे ही केवळ खर्च वाचवण्याची युक्ती आहे. आणि टाके निघेपर्यंत हात अजिबात हलवू नये, अशी त्यातली विधाने आहेत. ती एकेक करून तपासू.

एड्रेनॅलिनचे विधान निराधार अफवा म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण वैद्यकीय पाठ्यपुस्तकांनीच ते कित्येक दशके शिकवले आहे. एड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटाला दुसरा रक्तमार्ग नाही, हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. मात्र २००१ साली डेंकलर या शल्यचिकित्सकांनी १८८० ते २००० या काळातील वैद्यकीय वाङ्मय चाळले, तेव्हा भुलीच्या इंजेक्शननंतर बोट सडल्याच्या ४८ नोंदी त्यांना सापडल्या. त्यांपैकी २१ प्रकरणांतच एड्रेनॅलिन वापरलेले होते, आणि लिडोकेन या आजच्या बधिर करणाऱ्या औषधाच्या, कारखान्यात तयार झालेल्या एड्रेनॅलिनयुक्त मिश्रणामुळे बोट गमावल्याची नोंद एकही नव्हती. जुन्या प्रकरणांत बहुतेक ठिकाणी कोकेन किंवा प्रोकेन ही बधिर करणारी जुनी औषधे वापरली होती. प्रोकेन साठवणुकीत विघटित होऊन अतिशय आम्लधर्मी बनते, आणि असे औषध एकट्यानेही ऊती जाळू शकते. लिडोकेन बाजारात आले ते १९४८ साली; म्हणजे मूळ आरोपी बदलला, पण आरोपपत्र तेच राहिले, असे म्हणावे लागते.

पुढचा पुरावा अधिक थेट आहे. कॅनडात हाताचे शल्यचिकित्सक डॉन लालोंड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली सलग ३११० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या हातात किंवा बोटात १:१,००,००० (लाख भागांत एक भाग) किंवा त्याहून सौम्य एड्रेनॅलिन टोचले होते; एकाही रुग्णाच्या ऊती मेल्या नाहीत आणि उतारा देण्याचीही वेळ आली नाही. तसा उतारा उपलब्ध आहेच : फेंटोलामाइन. एका चाचणीत ते दिल्यावर बोटाचा रंग सरासरी सुमारे ८५ मिनिटांत परतला, तर न दिलेल्या बोटाचा सव्वापाच तासांच्या आसपास. यातली दुसरी संख्या मला अधिक बोलकी वाटते, कारण काहीही न करता बोट पूर्ववत होते हे त्यातून दिसते. ॲलर्जीचे आपत्कालीन इंजेक्शन चुकून बोटात घुसते तेव्हा एड्रेनॅलिनची तीव्रता यापेक्षा शंभरपट असते. २००७ साली संकलित केलेल्या अशा ५९ प्रकरणांतही बोट गमावल्याची नोंद नाही.

याचा अर्थ धोका शून्य आहे, असा मात्र नाही. ऊती मेल्याच्या तुरळक घटना पुढे नोंदल्या गेल्या आहेत. बोटांचा रक्तपुरवठा आधीच कमकुवत असलेल्या रुग्णांत, उदाहरणार्थ रेनॉड किंवा बर्जर आजारात, हे औषध टाळणे किंवा फार विचारपूर्वक वापरणे योग्य ठरते.

आता खर्चाचा मुद्दा. जागेपणीच्या पद्धतीत खर्च कमी होतो हे खरे, पण ती पद्धत निवडण्यामागची शल्यचिकित्सकीय कारणे वेगळी आहेत. एड्रेनॅलिनने रक्तस्राव आटोक्यात राहत असल्यामुळे दंडाला आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, लागत नाही. आणि गुंगी न दिलेल्या रुग्णाला वेदना अनेकदा या पट्ट्याचीच होते. पूर्ण परिणामासाठी मात्र टोचल्यानंतर सुमारे २५ मिनिटे थांबावे लागते. पारंपरिक सात मिनिटांतच चीर देऊन ‘रक्त थांबत नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, तुटलेला कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा, शिवल्यावर जागा असलेला रुग्ण टेबलावरच बोट वाकवून दाखवू शकतो. शिवणीत फट पडते का, कंडरा कुठे अडकतो का, हे जखम बंद करण्यापूर्वी दिसते आणि तिथेच दुरुस्त होते. झोपलेल्या रुग्णाकडून ही तपासणी होत नाही. अर्थात लहान मुले, अतिशय घाबरलेले रुग्ण आणि दीर्घ, गुंतागुंतीच्या शस्त्रक्रिया यांत पूर्ण भूल किंवा बगलेजवळची मज्जातंतू बधिर करण्याची पद्धत अधिक सोयीची ठरते.

हात न हलवण्याचा सल्ला सरसकट देणे तर हानिकारक आहे. कार्पल टनेल (मनगटात दबलेली नस) किंवा ट्रिगर फिंगरच्या (वाकवताना अडकणारे बोट) शस्त्रक्रियेनंतर बोटे लवकर हलवायला सांगतात. कंडराच्या दुरुस्तीनंतरही थेरपिस्टच्या देखरेखीखाली, पट्टीच्या आधाराने नियंत्रित हालचाल पहिल्या काही दिवसांतच सुरू करतात, कारण स्थिर ठेवलेला कंडरा भोवतालच्या ऊतींना चिकटतो. अस्थिभंगाचा हिशेब वेगळा असतो.

जागेपणीच्या पद्धतीचे उत्साही समर्थक ‘रुग्ण लवकर बरा होतो’ असे सांगतात, तेही तेवढेच तपासून घ्यावे. हाताच्या उपयोगाचे मोजमाप करणारी ३० प्रश्नांची डॅश प्रश्नावली किंवा तिची ११ प्रश्नांची छोटी आवृत्ती वापरून केलेल्या तुलनांमध्ये काही महिन्यांनंतरचे गुण दोन्ही पद्धतींत साधारण सारखेच येतात. फरक मुख्यतः शस्त्रक्रियेच्या दिवशीच जाणवतो : उपाशी राहावे लागत नाही, पट्ट्याची कळ सोसावी लागत नाही आणि गुंगी उतरण्याची वाट पाहावी लागत नाही.