आळस नव्हे हो, लग्नपत्रिका!

‘जुनं सॉफ्टवेअर कवटाळून बसतात ते आळशी’ हे एका लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. सांगलीत आमचा छोटा छापखाना आहे. विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीच्या मशीनवर अजून पेजमेकर ७ हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर चालतं. सॉफ्टवेअर २००१ चं, पण जुन्या सगळ्या फाइली त्यातच, आणि फाँट युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे. म्हणजे आत इंग्रजी अक्षरांचे कोड, वर देवनागरीचा मुखवटा. तो फाँट नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी चिन्हांचा नुसता काला! जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार भलतीकडेच बसतो. एकदा ‘आशीर्वाद’चा ‘आशीवार्द’ झाला, कुणाच्या लक्षात आलं नाही, पाचशे पत्रिका रद्दीत. भुर्दंड अर्थात आमच्याच बोकांडी.

एक्सपीचे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट एप्रिल २०१४ मध्येच बंद झाले, हे ठाऊक आहे. म्हणून त्या मशीनला नेटची वायर लावतच नाही. २०१९ च्या महापुरात बाबांनी आधी तो सीपीयू माडीवर नेला, कागदाची रिमं नंतर.

नवी कामं युनिकोडमध्येच करतो. पण जुनं गिऱ्हाईक ‘थोरल्याच्या लग्नात होती तश्शीच द्या’ म्हणत आलं, की एक्सपी चालू करावंच लागतं.