काळा गॉगल आणायला सांगायचे

सकाळपासून तिसऱ्यांदा तीच रील. ‘रॅचेड’ मालिकेतला लोबोटमीचा, म्हणजे मानसिक आजारावर उपाय म्हणून मेंदूच्या पुढच्या भागातले धागे कापण्याचा, प्रसंग, मागे उडतं गाणं, खाली “आमच्या बॉसला हेच पाहिजे” आणि हसणारे चेहरे. बरं. मग ते कसं करायचे तेही ऐका.

आधी विजेचे शॉक देऊन माणूस बेशुद्ध करायचा. वरची पापणी उचलून, डोळ्याच्या वरून खोबणीच्या छताला टोचा टेकवायचा. तिथलं हाड पातळ असतं, हातोडीच्या ठोक्यानं फुटतं. ५ सेंटिमीटर आत, दांडा आडवा फिरवायचा, मग ७ पर्यंत. नंतर दुसरा डोळा. सगळं दहाएक मिनिटांत. आत काय कापलं जातंय हे करणाऱ्याला दिसतच नाही. रक्तवाहिनी फाटली की खेळ खलास. डोळे काळेनिळे पडत, म्हणून घरच्यांना काळा गॉगल आणायला सांगायचे!

हे वॉल्टर फ्रीमन. सर्जन नव्हेतच, न्यूरॉलॉजिस्ट. १९४६ मध्ये वॉशिंग्टनच्या स्वतःच्या दवाखान्यात त्यांनी हे सुरू केलं.

त्याआधी, १९४१ मध्ये, रोझमेरी केनेडी, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची बहीण. वय २३. तेव्हा कवटीला भोकं पाडून करायचे, रुग्ण जागा ठेवून. तिला गाणं म्हणायला, आकडे मोजायला सांगत होते आणि कापत होते. बोलणं असंबद्ध झालं तेव्हा थांबले. वडिलांनी ठरवलं होतं.

मालिकांत मात्र अंधारं तळघर, लुकलुकता दिवा, माथेफिरू डॉक्टर. अहो, हे भर उजेडात, सह्या घेऊन चाललं होतं. ज्यांनी लिस्बनमध्ये लोबोटमीची मूळ पद्धत सुरू केली त्या डॉक्टर मोनिझना १९४९ मध्ये नोबेल दिलं!

मालिकांमुळे निदान नाव तरी कळलं, मान्य. आणि अमेरिकेत क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजारावरचं औषध येईपर्यंत, म्हणजे १९५४ पर्यंत, घरच्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. त्या बापाचा रागही धड येत नाही मग.

पण आज? भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी, म्हणजे विजेच्या शॉकचा उपचार, देणं आपल्याकडे २०१७ च्या कायद्यानं बंद आहे. तरी ‘शॉक’ शब्द कानावर पडला की लोक पेशंटला उठवून घरी नेतात. डोक्यात तेच तळघर.

रोझमेरी पुढे साठहून जास्त वर्षं जगली. धड बोलता आलं नाही तिला.

रील ठेवायचीच असेल तर ठेवा. मागचं गाणं तेवढं काढा.